कॉर्न स्नेकच्या पिल्लांची घरं : प्रकल्प नोंदी

९ जून

कॉर्न स्नेकची, म्हणजे अमेरिकेतल्या एका बिनविषारी सापाची, अंडी इन्क्युबेटरमध्ये २८ अंशांवर आहेत. या तापमानाला ती घातल्यापासून साधारण दोन महिने घेतात, म्हणजे जून संपता संपता किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिलं कवच फाटेल. अकरातलं एक अंडं पिवळं पडून बसलंय, ते धरत नाही. दहा पिल्लांच्या हिशोबाने तयारी.

घरांचं काम आत्ताच उरकायचं. पिल्लं आल्यावर धावाधाव केली की जो डबा हाताला लागेल तेच घर होतं. शिवाय डबा, हीट मॅट (तळाखालून ऊब देणारी विजेची पातळ चटई) आणि तिचं तापमान आवरणारा थर्मोस्टॅट हे त्रिकूट आठवडाभर तरी रिकामं चालवून बघायला हवं.

एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो. ही अंडी बंदिवासात जन्मलेल्या जोडीची आहेत. रानात सापडलेल्या पिल्लाला यातलं काहीही लागू नाही. त्याची जागा रानातच.

समोर तीन पर्याय आहेत. पहिला, सहा लिटरचा पारदर्शक डबा, लांबी ३४ सेंटिमीटर. दुसरा, तेवढ्याच उंचीचा पण लांबोडका डबा, ५५ सेंटिमीटर. तिसरा, समोर काच असलेली ६० सेंटिमीटरची पेटी. पेटी दिसायला देखणी, पण तिच्या सरकत्या काचांमध्ये जी फट राहते ती मोठ्या सापाला अडवते, पिल्लाला नाही. त्यामुळे ती सध्या बाद. सहा महिन्यांनी पुन्हा विचार करू.

‘पिल्लाला मोठं घर मानवत नाही, ते घाबरतं आणि खाणं सोडतं’ हे इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कुणी तपासतही नाही. मला ते अर्धंच पटतं. रानात पिल्लाला कुणी सहा लिटर मोजून देत नाही. तिथे पालापाचोळा असतो, सालीखालच्या चिरा असतात, दगडाखाली जेमतेम अंग मावेल एवढी पोकळी असते. पिल्लू घाबरतं ते उघडं पडल्यामुळे. मोठा डबा आडोशांनी गच्च भरला तर ते घाबरायचं काही कारण नाही, आणि छोटा डबा रिकामा ठेवला तर त्यातही ते कोपऱ्यात मुरकुटून बसेल. छोट्या डब्याचे खरे फायदे माणसाच्या सोयीचे आहेत: पिल्लू पटकन सापडतं, शी केली का दिसतं, खाल्लं का कळतं. सोय म्हणजे वाईट गोष्ट नव्हे, पण तिला सोयच म्हणावं.

१२ जून

झाकणांचा दिवस.

अंड्यातून निघालेलं पिल्लू पेन्सिलीपेक्षा बारीक असतं आणि जिथे डोकं जातं तिथे बाकीचं अंग जातंच. म्हणून डब्याची निवड लिटरवर करण्याआधी झाकणावर करायची. मापाला बॉलपेनची रिफिल घेतली, साधारण तीन मिलिमीटर जाडीची. झाकण लावून क्लिपा बंद करायच्या आणि रिफिलचं टोक कडेने चारही बाजूंनी हलकं दाबत फिरवायचं. कुठेही आत शिरलं तर डबा बाद.

दोनच क्लिपांचे डबे सगळे गेले. आखूड बाजूंना क्लिपा घट्ट बसतात, पण लांब बाजूच्या मध्यावर झाकण किंचित फुगतं. नुसतं बघून ते कळत नाही, रिफिलला कळतं. त्यातही डबा आधी तासभर गरम मॅटवर ठेवून मग तपासला तर फट आणखी वाढलेली मिळते, कारण पातळ प्लॅस्टिक उबेने सैल पडतं. चारही बाजूंना क्लिपा असलेले डबे टिकले. त्यातले लांबोडके थोडे कमी पडताहेत.

वरून वजन ठेवणं, रबर लावणं वगैरे उपाय मी धरत नाही. घाईत झाकण लावताना माणूस क्लिप विसरत नाही, वजन विसरतो.

आणि चिकटपट्टी आतल्या बाजूला कुठेही नाही. पिल्लू तिला चिकटलं की सोडवताना कातडी निघते. खाद्यतेल लावून, अतिशय सावकाश सोडवावं लागतं. जिथे फट बुजवायला पट्टी लागते तो डबा मुळात घ्यायचाच कशाला?

१५ जून

भोकं पाडली. डबे पॉलिप्रॉपिलीनचे आहेत, वाकतात पण तडकत नाहीत. ठिसूळ प्लॅस्टिकला ड्रिल लावलं की भोकापासून तडा निघतो आणि तो पुढे पुढे जात राहतो.

सोल्डरिंग आयर्नने, खिडकी उघडी ठेवून, आतून बाहेर. दिशा महत्त्वाची. टोक ज्या बाजूने बाहेर येतं तिथे वितळलेल्या प्लॅस्टिकची टोकदार कड राहते, आणि पिल्लू पहिले काही दिवस प्रत्येक भोकाला नाक लावून बघतं. ती कड आत असेल तर नाकाचे खवले सोलवटतात. भोकं तीन मिलिमीटरच्या आत ठेवली. थंड झाल्यावर दोन्ही बाजूंनी बारीक पॉलिश पेपर, मग साबणाने धुऊन दोन दिवस उघड्यावर. जळक्या प्लॅस्टिकचा वास असताना आत कुणाला ठेवायचं नाही.

झाकणाला भोकं पाडली नाहीत. डबे फळीत एकावर एक बसले की झाकणावरची भोकं बंद होतात. समोरासमोरच्या दोन भिंतींना पाडली, एका बाजूला खालच्या अंगाला आणि दुसऱ्या बाजूला वरच्या. त्यामुळे हवा खालून शिरून वरून निघते.

भाच्याने विचारलं, “मामा, इतकी भोकं कशाला? त्याला कितीशी हवा लागणार?” श्वासापुरती हवा बंद डब्यातसुद्धा बराच वेळ पुरेल. भोकं असतात ती ओल बाहेर जायला.

२१ जून

डबे रिकामे चालू आहेत. या सगळ्या उद्योगातली सगळ्यात कामाची नोंद आजची.

सापाला स्वतःची उष्णता तयार करता येत नाही. ऊब हवी तर उबदार टोकाला जायचं, नको तर गार टोकाला. उबदार टोक २९-३० अंश आणि गार टोक २३-२४ असं कॉर्न स्नेकला लागतं. पिल्लू खाऊन गार जागी अडकलं तर पचन रखडतं आणि खाल्लेलं बाहेर येतं. उबेत अडकलं तर पाणी कमी होतं, आणि सात-आठ ग्रॅमच्या जिवात पाण्याचा साठा असून असून किती असणार.

सहा लिटरच्या डब्यात सकाळी फरक छान दिसला. दुपारपर्यंत गार टोक २७ च्या वर गेलं आणि तिथेच राहिलं. आत हवा इतकी थोडी की मॅटने सगळा डबाच सारखा करून टाकला. पिल्लाला निवड उरली नाही. त्याच खोलीत, त्याच फळीवर, तसल्याच मॅटवर लांबोडक्या डब्यात एक टोक ३० आणि दुसरं २४ वर दिवसभर स्थिर.

मग छोट्या डब्यावर खटपट केली. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखाली होता, तो सरकवून पाचव्या हिश्शापर्यंत आणला. डब्याचं गार टोक फळीच्या कडेबाहेर थोडं काढलं, म्हणजे तळाखालून हवा खेळते. आता गार टोक २५ वर थांबतं. चालेल, पण खोली तापली की हे गणित मोडणार.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, कुठे ठेवायचा यावर दोन पंथ आहेत. आत ठेवला तर खरं तापमान कळतं हे बरोबर. पण पिल्लू त्याच्यावरून जाताना तो ढकलतं, पाण्याची वाटी कलंडून तो भिजतो, आणि भिजलेला गार प्रोब थर्मोस्टॅटला सांगतो की अजून तापव. मी बाहेर, मॅट आणि डब्याचा तळ यांच्या मध्ये ठेवतो. तिथे आकडा आतल्यापेक्षा जास्त येतो. प्रोबजवळ ३३ लावलं तेव्हा आत कागदाखाली ३० मिळालं. हा फरक प्रत्येक डब्याचा वेगळा मोजावा लागतो, एकाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही.

मोजायचं कुठे? कागदाखाली, तळाला. पिल्लू हटकून तिथेच घुसतं. इन्फ्रारेड थर्मामीटर बंद झाकणातून रोखला तर तो झाकणाचंच तापमान सांगतो, आतलं नाही. झाकण उघडून मोजायचं.

मॅटखाली दोन्ही कडांना पातळ पट्ट्या देऊन फट ठेवली आहे. मॅट लाकडावर सपाट दाबला गेला की उष्णता कोंडते.

२४ जून

ठरलं. लांबोडके डबे आहेत तेवढ्यांत पिल्लं, उरलेली छोट्यात, आणि जो डबा जास्त तापेल त्यातलं पिल्लू आधी हलणार. सगळे एकसारखे असते तर फळी नीटनेटकी दिसली असती, पण नसू देत.

२७ जून

आतलं सामान.

तळाला साधा पांढरा किचन टॉवेल. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटावर पिवळा बलक जिथून आत गेला तिथली चीर ताजी असते, तिला भुसा चिकटायला नको. कागदावर शी दिसते, रक्त दिसतं, माइट (रक्त पिणारे बारीक किडे) दिसतात. पहिली कात पडून दोन-तीन वेळा खाणं झालं की ॲस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा. देवदार किंवा पाइनचा भुसा कधीच नाही, त्याच्या वासातले फिनॉल सापाच्या फुप्फुसाला आणि यकृताला बाधतात.

आडोसे किमान दोन, एक उबेत आणि एक गारव्यात. एकच ठेवला आणि तो गार टोकाला असला तर पिल्लू सुरक्षितपणा आणि ऊब यांतलं एक निवडतं, आणि बहुतेक वेळा सुरक्षितपणाच निवडतं. मग पोटातलं पचत नाही आणि माणूस म्हणतो पिल्लू अशक्त आहे. आडोसा घट्ट हवा, वेटोळ्याला छत आणि भिंती दोन्ही टेकतील असा. विकत मिळणाऱ्या गुहा पिल्लासाठी दिवाणखान्याएवढ्या असतात. टिश्यूच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी आडवी कापून पालथी घातली की काम होतं, आणि खराब झाली की टाकून द्यायची.

बाकी जागा कॉर्कच्या सालीचे तुकडे, प्लॅस्टिकची पानं, चुरगाळलेला कागद यांनी भरली. इतकी की वरून बघताना तळ जवळजवळ दिसत नाही. पिल्लाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाही उघड्यावर न येता जाता आलं पाहिजे.

पाण्याची वाटी उथळ, जड आणि गार टोकाला. मॅटवर ठेवली तर पाणी उडून डबा दमट होतो.

१ जुलै

पहाटे दोन अंड्यांना चिरा. वरच्या ओठापुढच्या इवल्याशा दाताने आतून कापलेल्या, ब्लेडने मारल्यासारख्या सरळ. एका चिरेतून नाक बाहेर आहे. इन्क्युबेटरला हात लावलेला नाही. डोकं बाहेर काढून पिल्लू दिवस-दीड दिवस तसंच बसतं, उरलेला बलक पोटात ओढून घेतं. ओढून काढायचं नसतं.

४ जुलै

दहाही बाहेर. सगळ्यात हलकं साडेपाच ग्रॅम, सगळ्यात जड आठला थोडं कमी. लांबी पंचवीस ते तीस सेंटिमीटरच्या दरम्यान. एका डब्यात एक. क्रमांक डब्यावर बाहेरून, झाकणावर नाही. झाकणं धुताना अदलाबदल होते.

भाचा म्हणाला, “मामा, भावंडं आहेत ना? एकत्र राहिली तर काय बिघडलं?”

“अरे, एकानं ओकलं तर कुणी ओकलं ते सांगशील का?”

त्याचं तेवढ्याने समाधान झालं नाही, ते बरंच आहे. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. दोन पिल्लांनी एकच भक्ष्य दोन टोकांनी धरलं तर मधे कुणी थांबत नाही, एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडात जातं. किंग स्नेकच्या (किंग कोब्रा नव्हे) पिल्लांना तर एवढ्या निमित्ताचीही गरज नाही. साप हे त्यांच्या नेहमीच्या खाद्यांपैकी एक आहे. साप अगदी एकलकोंडेच असतात असं मात्र नाही. २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गार्टर स्नेकवर केलेल्या अभ्यासात ते साप एकत्र गोळा होत होते आणि सोबतही निवडून घेत होते. पण गार्टरला जे भावतं ते कॉर्नला भावेलच असं धरून दहा जिवांवर प्रयोग करण्याची मला गरज वाटत नाही.

७ जुलै

छोट्या डब्यांपैकी दोन सकाळी आतून धुरकट, भिंतींवर थेंब. कात येण्याआधी थोडी ओल हवीच, पण भिंतीवर पाणी जमणं म्हणजे हवा खेळत नाही. ओल्या कागदावर पडून राहिलेल्या पिल्लाच्या पोटाच्या खवल्यांना फोड येतात. वरच्या बाजूला आणखी भोकांची एक रांग पाडली. अर्थात पिल्लू दुसऱ्या डब्यात हलवून.

सगळा डबा दमट ठेवण्यापेक्षा एका आडोशात ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठेवला. मूठभर मॉस पिळून, हाताला ओल लागेल पण थेंब पडणार नाही इतपत. कात येण्याआधी डोळे दुधाळ झाले की पिल्लं आपणहून त्यात जातात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आहे, तेवढी पुरे.

१२ जुलै

बहुतेकांनी कात टाकली. प्रत्येक कात उलगडून डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्या आणि शेपटीचं टोक तिच्याबरोबर निघालंय का ते तपासलं. क्रमांक ४ ची तुकड्यांत निघाली. त्याचा डबा भिंतीलगतचा, खिडकीच्या वाऱ्यात. डबा आतल्या बाजूला घेतला.

१६ जुलै

पहिलं खाणं, म्हणजे नुकतं जन्मलेलं, केसही न आलेलं उंदराचं पिल्लू. गोठवलेलं, मग पूर्ण वितळवून कोमट केलेलं. संध्याकाळी आडोशाच्या तोंडाशी ठेवून दिवा बंद, आणि सकाळपर्यंत कुणी डोकवायचं नाही. दहातल्या सातांनी खाल्लं. पुढचे दोन दिवस त्यांना हात लावायचा नाही.

न खाल्लेले तीन: ४, ७ आणि ९. हे तिन्ही छोट्या डब्यांत आहेत. यावरून छोटे डबे वाईट असा निष्कर्ष काढायचा मोह होतोय, पण छोट्या डब्यातल्या एकाने खाल्लंही आहे. तीन पिल्लांवरून काही सिद्ध होत नाही.

२२ जुलै

४ आणि ९ साठी जुनी युक्ती. भोकं असलेल्या छोट्या झाकणाच्या कपात पिल्लू आणि खाणं एकत्र, कप त्याच डब्यात उबदार टोकापासून जरा दूर, मॅटवर मुळीच नाही. अंधारात, रात्रभर. तेवढ्या अडचणीच्या जागेत भक्ष्य सतत समोर राहतं आणि पळापळ करायला जागा नसते. दोघांनी खाल्लं. रात्रीपुरता कप ही गोष्ट ठीक, पण ‘लहान जागा पिल्लाला आवडते’ याचा पुरावा म्हणून ती वापरू नये. माणूस दवाखान्यात सलाइन लावून घेतो म्हणून त्याला दवाखान्यात राहायला आवडतं असं नाही.

क्रमांक ७ ला कप मानवला नाही. रात्रभर झाकणाला नाक घासत होतं. त्याला लांबोडक्या डब्यात हलवलं, तो जास्तच गच्च भरला आणि डब्यावर तीन बाजूंनी कागद लावला.

२९ जुलै

क्रमांक ७ ने खाल्लं. डबा, आडोसे, कागद की नुसतं वय, कशाने खाल्लं ते सांगता येणार नाही. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या होत्या.

६ ऑगस्ट

सगळ्यांचं दर पाच-सहा दिवसांनी खाणं सुरू. वजनं चढताहेत. आता खरा प्रश्न, डबे किती दिवस पुरवायचे?

जुना हिशोब असा: घराची लांबी आणि रुंदी मिळवून येईल तेवढी सापाची लांबी चालते. म्हणजे साप कायम कोपऱ्यातून वळलेलाच राहणार. हा हिशोब कुणी सापाला विचारून केलेला नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉर्न स्नेकवरच अभ्यास केला. मोठ्या घरात साप जास्त हालचाल करत होते, आणि लहान-मोठं दोन्ही समोर ठेवलं तेव्हा त्यांचा कल मोठ्याकडे दिसला. त्याआधी २००६ मध्ये रॅट स्नेकवर, म्हणजे कॉर्नच्या जवळच्या नातलगांवर, झालेल्या अभ्यासात सामानाने भरलेल्या घरात वाढलेले साप चाचणीत बाहेर पडायचं बीळ लवकर शोधत होते. जागा आणि सामान, दोन्हींना अर्थ आहे.

या फळीसाठी नियम असा ठेवला: सरळ ताणलेला साप डब्याच्या सगळ्यात लांब बाजूला टेकला की तो डबा त्याच्यासाठी संपला. ३४ सेंटिमीटरच्या डब्यांचं आयुष्य या नियमाने फारच थोडं निघतं. पुढच्या वेळी ते घेणारच नाही.

लांबी मोजायला पिल्लाला ताणायचं नसतं. कात ताणली जाते, ती मापाला निरुपयोगी. पारदर्शक डब्यात तळाशी मोजपट्टी चिकटवली आहे, बाहेरून. रात्री पिल्लू भिंतीलगत सरकत असताना लाल दिव्यात फोटो काढायचा आणि सकाळी मोजायचं.

१४ सप्टेंबर

छोट्या डब्यांतली उरलेली सगळी लांबोडक्यांत गेली. हलवताना जुनी नळी आणि न मळलेल्या कागदाचा तुकडा बरोबर दिला, स्वतःचा वास असला की पहिल्या रात्रीची फिरफिर कमी होते. हलवण्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस खाणं नाही. क्रमांक २ ने तरीही पहिलं खाणं नाकारलं, दुसरं घेतलं.

खोली आता गार होऊ लागली आहे. प्रोबचा आकडा ३३ वरून ३४ केला, आत पुन्हा ३० आलं.

५ ऑक्टोबर

काचेच्या पेटीची फट मोजली. दोन काचांच्या मध्ये चार मिलिमीटर, आणि खालच्या खाचेत एका टोकाला त्याहून जास्त. काचांच्या मधल्या कडेला पारदर्शक रबरी पट्टी बसवली, खाच आतून फोमने नव्हे तर प्लॅस्टिकच्या तुकड्याने बुजवली, कारण फोम ओल धरतो. रिफिल कुठेही शिरत नाही. सगळ्यात मोठं क्रमांक ५ चोवीस ग्रॅमचं झालंय आणि लांबोडक्या डब्याच्या लांबीच्या जवळ येतंय. पेटी उद्यापासून रिकामी चालवायची, उबदार टोकाला दगड आणि मागच्या भिंतीला चढायला फांद्या. तापमान आठवडाभर स्थिर राहिलं तर क्रमांक ५ आत जाईल. क्रमांक ७ अजून तेरा ग्रॅमवर आहे. ते आहे त्या डब्यातच राहील.